तीन कोडी पाच

बिरजाबाई,

परवा तुमच्यासाठी सगळे शाळेच्या ओसरीवर जमले होते. सरपंचांनी सांगितलं, साठी ओलांडलेल्या बाईनं गणिताची परीक्षा पास करून दाखवली, गावाचं नाव केलं. लोकांनी माना डोलावल्या. मग मला बोलायला उठवलं. मी दोन वाक्यं कशीबशी बोलले आणि खाली बसले. म्याडमचा गळा भरून आला, असं सगळ्यांना वाटलं. गळा भरून आला होता हे खोटं नाही, पण मी बसले ती भीतीनं. तिसरं वाक्य बोलले असते तर एक तर खोटं बोलावं लागलं असतं, नाही तर खरं, आणि दोन्हीची हिंमत मला झाली नाही.

खरं हे, की ती परीक्षा तुम्ही पास झाला नव्हता. मी तुम्हाला पास केलं. तुमच्या पेपरातले आकडे मी माझ्या हातानं बदलले. हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं. वर्षभर रोज चार वाजता माझ्यासमोर येऊन बसत होतात, तेव्हा माझं तोंड उघडलं नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, चूक माझी असली की मी आधी समोरच्यावर ओरडते. आता ओरडायला समोर कोणी नाही, म्हणून नीट सांगते.

तुमच्या दारात मी पहिल्यांदा आले ती वैतागूनच. वरून आदेश आला होता, गावातली लिहिता-वाचता न येणारी मोठी माणसं शोधा, त्यांचे फॉर्म भरा, शिकवा आणि मार्चमध्ये परीक्षेला बसवा. दोन शिक्षकांची शाळा, चार वर्ग, त्यात हे. रजिस्टर काखेत मारून मी घरोघर फिरत होते आणि मनातल्या मनात सगळ्या जगाला शिव्या देत होते. तुम्ही अंगणात तेल काढायला मोहाच्या टोऱ्या फोडत बसला होता. हात न थांबवता विचारलंत, काय शिकवाल? मी म्हटलं, सही, वाचन, हिशोब. तुम्ही म्हणालात, हिशोब येतो. मी चिडून म्हटलं, सगळंच येतं तर मग काय येत नाही?

"मी बोलतो न् दुसरा लिवते," तुम्ही म्हणालात. "दवाखान्यात बी, बाजारात बी. तो काय लिवते ते मले दिसते, पन समजत नाई. मले माह्या हातानं लिवाचं आहे."

तेव्हा मी ते वाक्य नुसतं ऐकलं आणि फॉर्मवर तुमचं नाव टाकलं. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

वर्ग सुरू झाला. सहा-सात बाया, पाट्या, एक फळा. परीक्षेत येतात तसली गणितं मी मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही सोडवायची. तुमच्या तोंडाला काय लगाम होता? "एका माणसाने पासष्ट केळी आणली, त्यातली अठ्ठावीस सडली, उरली किती?" असं मी वाचलं की तुम्ही आधी विचारायच्या, एकट्या माणसाला पासष्ट केळी लागतात कशाला, आणि सडकी निघेपर्यंत तो करत काय होता. सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मी रागावायची, मग मलाही हसू यायचं. आणि हसू ओसरायच्या आत तुम्ही उत्तर दिलेलं असायचं. अंगणाकडे बघत, बोटांवरही न मोजता, "एक कोडी सतरा."

मी म्हणायची, बरोबर, सदतीस. आणि फळ्यावर ३७ लिहायची.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी वडशाकडची. माझी आईसुद्धा रोवण्याच्या वेळी धानाच्या पेंड्या कोडीनंच मोजायची. वीस झाले की एक कोडी, पुन्हा पहिल्यापासून. सत्तेचाळीस म्हणजे दोन कोडी सात, हे मला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. तुम्ही तोंडानं कोडीत सांगायच्या, मी फळ्यावर आमच्या आकड्यात लिहायची, आणि दोघींना वाटायचं गणित आलं. मला तुमचा अभिमान वाटायचा. चौथीतली पोरं रडकुंडीला येतात अशी वजाबाकी तुम्ही तोंडी करायच्या. त्या सगळ्या हिवाळ्यात एकदाही मी तुमची पाटी हातात घेऊन पाहिली नाही. घेतली असती तर हे पुढचं काहीच झालं नसतं.

परीक्षा झाली. मोहाचे दिवस होते, पहाटे मोहफुलं वेचून तुम्ही सगळ्या आल्या होत्या, लुगड्यांना तो गोड वास येत होता. नियमाप्रमाणे प्रश्न मी वाचून दाखवले. तुम्ही मान खाली घालून लिहीत होता. मला वाटलं, ह्या बाईची चिंता नाही.

चार दिवसांनी पेपर तपासायला बसले. तुमचा मुद्दाम आधी काढला. सत्तेचाळीस अधिक अठ्ठावीस, उत्तर लिहिलेलं: ३ १५. दुसरीकडे पासष्ट यायला हवे होते, तिथे ३ ५. एक्क्याऐंशीच्या जागी ४ १. विसाच्या आतली सगळी उत्तरं बरोबर, त्यापुढची सगळी चूक. दोन आकड्यांच्या मध्ये जरा जागा सुटलेली. मला वाटलं, बाई घाबरली, हात थरथरला. त्या सुटलेल्या जागेकडे मी लक्षच दिलं नाही. पन्नासपैकी बारा गुण होत होते, पास व्हायला सतरा लागत होते.

त्या आठवड्यात केंद्रप्रमुखांचा रोज फोन येत होता. नापास शब्द वापरायचा नाही, "सुधारणा आवश्यक" म्हणायचं, आणि तसंही कोणी राहता कामा नये. मी सगळं त्यांच्यावर ढकलू शकते. पण आकडे बदला असं ते म्हणाले नव्हते. ते मी ठरवलं. मनाशी म्हटलं, ह्या बाईला उत्तरं येतात, मी माझ्या कानांनी ऐकली आहेत, फक्त हातानं दगा दिला. मी कोणाला फुकट देत नाही, तिचंच तिला देते आहे. असं म्हणून चार उत्तरं खोडली आणि शेजारी बरोबर लिहिली.

आणि आकडे मी वाकडे लिहिले. तुमच्या हाताचे वाटावेत म्हणून, काळ्या पेनानं, मुद्दाम थरथरत. हे सांगताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते आहे. तुम्हाला तुमच्या हातानं लिहायचं होतं, आणि मी तुमचा हात होऊन लिहिलं.

प्रमाणपत्र आलं. तुमच्या मुलानं धानोऱ्याहून ते प्लास्टिकमध्ये घालून आणलं, भिंतीवर लावलं. तुम्ही मला घरी बोलावून लाल चहा दिलात आणि म्हणालात, आता पास झाली, उद्यापासून येत नाही, शेताचं काम पडलं आहे. मी म्हटलं, बरं. खरं सांगू का, मला सुटल्यासारखं वाटलं.

मग मे महिन्यात रोशनीचं लग्न निघालं. नात तुमची लाडकी, आणि तुम्ही हट्ट धरलात की मांडववाल्याला चिठ्ठी मीच लिहिणार. ललिता, तुमची सून, दहावी झालेली, ती लिहिते म्हणत होती. तुम्ही भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलंत आणि तिला गप्प केलंत. वरपक्षाच्या माणसांसाठी पासष्ट खुर्च्या हव्या होत्या. तुम्ही लिहिलंत: खुर्च्या ३ ५.

पस्तीस आल्या. मला तो मांडव अजून दिसतो. नवरदेवाकडचे म्हातारे उन्हात उभे, पोरं सतरंज्या आणायला धावताहेत, आणि मांडववाला चिठ्ठी वर धरून सगळ्यांना दाखवतो आहे, बघा, माझी काय चूक, पस्तीसच लिहिलंय. कोणीतरी म्हणालं, पास झालेली आजी हाय आमची. सगळे हसले. वाईट मनानं नाही, लग्नघरात हसतात तसं. मीही हसले, बिरजाबाई. हातात पत्रावळ होती आणि मी हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि आत गेलात.

दुसऱ्या दिवशी उन्हाळ्याची सुट्टी असूनही मी शाळेत होते, पोषण आहाराची कागदपत्रं करत. तुम्ही आलात. पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवलीत.

"हे काय लिवलं मी?"

मी म्हटलं, पस्तीस.

"नाई. तीन कोडी पाच."

मी त्या चिठ्ठीकडे पाहिलं. तीन, मग जागा, मग पाच. आणि एकदम तुमचा पेपर डोळ्यांसमोर आला. ३ १५ म्हणजे तीन कोडी पंधरा, पंच्याहत्तर. ४ १ म्हणजे चार कोडी एक, एक्क्याऐंशी. एकही गणित तुम्ही चुकला नव्हता. तोंडानं सांगत होता तेच, तसंच, कोड्या इकडे आणि सुटे तिकडे करून लिहिलं होतं. कोणी शिकवलं नसताना आकडे लिहायची अख्खी रीत तुम्ही तुमच्या मनानं बसवली होती. आणि मी बी.ए., डी.एड., मला ती दिसली नव्हती.

तुम्ही गप्प बसणाऱ्या नव्हता. पुढचा प्रश्न लगेच आला. "पेपरात बी असंच लिवलं अशीन मी. मंग मले पास कोनं केलं?"

हा तो क्षण. टेबलावर फक्त ती चिठ्ठी होती, शाळेत तिसरं माणूस नव्हतं. मी म्हणू शकले असते, मी केलं बाई, चुकले. मी म्हटलं, तोंडी उत्तरंही धरतात तपासताना. साफ खोटं. तुम्ही म्हणालात, मग मला पुन्हा बसवा. पुढच्या मार्चमध्ये. ह्या वेळी नीट लिहीन.

मी म्हटलं, एकदा पास झालं की नाव यादीतून निघतं, पुन्हा बसता येत नाही. हे मात्र खरं होतं. तुमचं नाव परत यादीत घालायचा एकच मार्ग होता, मी वर जाऊन सांगायचं की तो निकाल खोटा आहे, मी पेपरात फेरफार केला. नोकरीवर आलं असतं. वडशाला घराचं काम काढलेलं, मुलगी नागपूरला शिकायला. मी भ्याले, आणि भ्याले की मी चढ्या आवाजात बोलते. म्हटलं, सर्टिफिकेट मिळालं ना, आता अजून काय पाहिजे तुम्हाला, ते काय डोक्यावर घेऊन मिरवायचं आहे का?

तुम्ही चिठ्ठी उचललीत, घडी घातलीत, पुन्हा गाठीत बांधलीत. दारातून म्हणालात, "रोवना झाला की येतो मी. शिकवसान ना?"

रोवणा झाला आणि तुम्ही खरंच आलात. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, तरी रोज. नव्या फॉर्मवरच्या बाया पुढे बसायच्या, तुम्ही मागे खांबाला टेकून. ह्या वेळी मी पहिल्या दिवशी पाटी हातात घेतली.

आपलं भांडण तिथे सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. तुमचं म्हणणं, दहावरच का थांबायचं? मी म्हटलं, हाताला बोटं दहा म्हणून. तुम्ही म्हणालात, "मंग पायाची काय उसनी आनली का?" मग म्हटलं, सगळं जग दहानं मोजतं. तुम्ही म्हणालात, जग धान रोवायला येत नाही. आणखी एकदा, मी पासष्ट लिहून दाखवत असताना, तुम्ही माझा खडू धरलात, म्हणालात, तोंडानं पाच आधी बोलता, पास-ष्ट, आणि हातानं सहा आधी लिहिता, हे कुठलं शहाणपण? आमचं बरं, जसं बोलतो तसं लिहितो. वीस वर्षं गणित शिकवते आहे, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. घरी तुम्ही गोंडीत उंदी, रंड, मूंद मोजायच्या, बाजारात कोडीत, आणि माझ्याकडे दहांत. तीन रीती डोक्यात ठेवून तुम्ही वर माझी फिरकी घ्यायच्या.

तरी लिहायला तुम्ही माझीच रीत घेतलीत. मांडववाल्याला कळलं पाहिजे, एवढंच म्हणालात. दिवाळीपर्यंत ती मधली जागा गेली. संक्रांतीपर्यंत हातचा यायला लागला. एकदा ५२ मधून २७ वजा करून २५ लिहिलेत, आणि पाटी मला न दाखवता आधी स्वतःच कोडीत ताडून पाहिलीत. जुळलं तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी उठून बाहेर गेले. तुम्हाला वाटलं असेल, पाणी प्यायला गेली. मला तिथे बसवत नव्हतं. तेव्हा सांगायला हवं होतं. रोज वाटायचं, आज सांगू. रोज चार वाजायचे आणि पाच वाजायचे.

मार्च आला. परीक्षेच्या रविवारी तुम्ही धुतलेलं लुगडं नेसून, तेल लावून, इतर बायांबरोबर वर्गात येऊन बसलात. तुम्हाला वाटलं असेल, म्याडम मेहनत पाहते आहे, काहीतरी करेल. मी यादी वाचली. यादीत तुम्ही नव्हता. मी म्हटलं, बिरजाबाई, तुम्ही उठा. सगळ्यांसमोर. तुम्ही उठलात. दोन मिनिटांनी पाहिलं तर बाहेर, मागच्या खिडकीखाली, वही मांडीवर घेऊन बसला होता.

मी प्रश्न वाचत गेले आणि तुम्ही बाहेर लिहीत गेलात. मी थोडा आवाज चढवला. तेवढं तरी केलं. तेरा प्रश्न झाले आणि फाटकाशी गाडी थांबली. तपासणीचं पथक. खिडकीखाली ही बाई काय लिहिते आहे, असं त्यांनी विचारलं असतं तर? गेल्या वर्षी पास झाली म्हटलं तर पुन्हा का लिहिते, आणि मग तो जुना पेपर निघाला असता. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं. मी वाचता वाचता उठले आणि खिडकी लावून घेतली. तुमची नजर वर आली ती मला दिसली, तरी लावली.

पथक दहा मिनिटं थांबून गेलं. आतल्या बाया घामानं भिजल्या, खिडकी उघडा म्हणाल्या, मी उघडली. तोवर तीन प्रश्न होऊन गेले होते. तुम्ही गज धरून उभ्या होता. पुन्हा खाली बसून सतराव्यापासून लिहू लागलात.

सगळं आटोपल्यावर वही माझ्या हातात दिलीत. "तपासा," म्हणालात. "लाल पेनानं."

मी वही पिशवीत टाकली आणि तपासली नाही. त्यातले खरे गुण मांडले की भिंतीवरचे खोटे ठरणार होते. दोनदा तुम्ही विचारलंत. एकदा पाणवठ्यावर, एकदा मोहाची टोपली डोक्यावर घेऊन शाळेच्या फाटकाशी. दोन्ही वेळा मी म्हटलं, निकालाची कामं आहेत बाई, वेळ कुठे आहे. मग तुम्हाला ताप आला. तीन दिवस. मी भेटायला निघालेच होते आणि निरोप आला.

परवा त्या सभेतून घरी आले आणि तशीच टेबलाशी बसले. वही काढली, लाल पेन घेतला. पंचवीस प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. एकेक उत्तर ताडलं. वीस बरोबर. आकड्यांत कुठे जागा सुटलेली नाही, हातचे डोक्यावर बारीक लिहिलेले. दोन चुकले, एक घड्याळाचा आणि एक वजाबाकीचा, तिथे मी चुकीची खूण केली. दोन्ही ठिकाणी हात थांबला, पण केली. आणि चौदा, पंधरा, सोळा. नुसते नंबर टाकलेले, पुढे कोरं. परीक्षा सुटल्यावर आतल्या कुठल्याही बाईला विचारून तुम्ही ते भरू शकत होता. वही माझ्या हातात द्यायच्या आधी अर्धा तास तरी तुमच्याकडे होता. तुम्ही भरले नाहीत. जे ऐकलं नाही ते लिहिलं नाही.

त्या तिन्हींना मी शून्य दिलं. बाई, पेन चालत नव्हता, दिसत नव्हतं, तरी शून्यच दिलं. पन्नासपैकी चाळीस. दोन कोडी, तुमच्या हातानं.

काल सकाळी वही घेऊन तुमच्या घरी गेले. ललिता अंगणात होती. तिनं पानं उलटली, लाल खुणा पाहिल्या, गुण पाहिले, आणि तिचा चेहरा उजळला. मग ती त्या पानाशी थांबली. "इथी काऊन नाई लिवलं आईनं?"

मी सांगितलं. आधी खिडकीचं, मग मागच्या वर्षीच्या पेपराचं, वाकड्या आकड्यांसकट, मग त्या दिवशी टेबलावर तुम्हाला काय खोटं बोलले ते. ती उभी होती, ती खाली बसली. लग्नात लोक हसले तेव्हा तुम्ही आत जाऊन रडला होता, असं तिनं मला सांगितलं. ते मला माहीत नव्हतं. मग ती घरात गेली, भिंतीवरचा तो प्लास्टिकमधला कागद काढून आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"हे तुमचं हाय, म्याडम. तुमी घेऊन जा. वही राहू द्या आमच्याकडे."

मी घेतला. कबुलीचा अर्ज लिहून ठेवला आहे, उद्या कागदासोबत कार्यालयात देईन. घरच्यांना सांगितलं, ते घाबरले आहेत. मीही घाबरले आहे. पण ह्या वेळी कोणावर ओरडले नाही.

तुम्हाला सगळं कळलं होतं का, मला ठाऊक नाही. चिठ्ठीच्या त्या दिवसानंतर तुम्ही त्या कागदाला कधी "माहा" म्हटलं नाहीत, एवढं आठवतं. कळूनही रोज येऊन मागे बसत असाल तर ते माझ्या लायकीपेक्षा फार जास्त होतं. आता पहिलीचं पोर असो की म्हातारं माणूस, मी आधी पाटी पाहते, मग खडू उचलते. हे तुम्ही मला शिकवलंत, आणि त्याबद्दल मी एकदाही तुमचे आभार मानले नाहीत.

एक काम राहिलं आहे. आज संध्याकाळी उन्हं कलल्यावर, तुम्हाला मातीत ठेवलं तिथे आले आहे. दगड अजून नवा दिसतो. प्रश्नपत्रिका सोबत आणली आहे. आजूबाजूला कोणी नाही, आणि असतं तरी चाललं असतं. मोठ्यानं वाचते.

प्रश्न चौदावा. एका टोपलीत अठ्ठेचाळीस आंबे आहेत. ते सहा घरांत सारखे वाटले, तर प्रत्येक घराला किती आले?

प्रश्न पंधरावा. दीड किलो साखर आणली. त्यातली साडेसातशे ग्रॅम संपली. किती उरली?

प्रश्न सोळावा. सकाळी साडेनऊला सुटलेली बस पावणेबाराला पोहोचली. तिला किती वेळ लागला?

घाई करू नका, बिरजाबाई. पुन्हा वाचू का?